जबलपूरचे खडक आणि आपल्या विहिरींचे पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी विद्यार्थ्यांसमोर एखाद्या शास्त्रीय विषयावर बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही भूशास्त्राचे पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि वाचनाच्या व भटकंतीच्या आवडीने या शास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत आलो, इतकाच आमचा अधिकार. तरीही हाच विषय निवडला, याचे कारण आपले शहर. जबलपूरच्या भोवती पंचवीस-तीस किलोमीटरांच्या टापूत जितक्या जातींचे खडक उघड्यावर दिसतात, तितके पाहण्यासाठी इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांना चार जिल्हे पालथे घालावे लागतील. आपण मात्र भेडाघाटला पाहुणे घेऊन जातो, नौकाविहार करतो, फोटो काढतो आणि परत येतो.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते आपल्या रोजच्या जीवनाशी निगडित आहे. मदनमहालाच्या बाजूला एका घरी तीनशे फूट खोल कूपनलिका खणूनही धुरळाच बाहेर येतो, आणि शंभर पावलांवरच्या शेजाऱ्याला त्याच्या निम्म्या खोलीवर भरपूर पाणी लागते. एकाला आपले नशीब फुटके वाटते, दुसऱ्याला पाणाड्याचा गुण वाटतो. या दोहोंच्या पायाखालचा दगड मात्र कोणी विचारात घेत नाही. आजच्या व्याख्यानात त्या दगडाची बाजू मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम काळाची कल्पना करून घेऊ. भूशास्त्रात कोटी वर्षांची भाषा चालते आणि कोटी हा शब्द ऐकला की मन बधिर होते. म्हणून आपल्या मंडळाचे वय हेच मोजमाप मानू. मंडळाची पन्नास वर्षे म्हणजे एक सेंटिमीटर, बोटाच्या नखाएवढे अंतर. या मापाने ज्या ज्वालामुखींनी दख्खनचे पठार घडविले, त्यांचा काळ, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षे, येथून सुमारे १३ किलोमीटरांवर पडतो; भेडाघाटच्या अर्ध्या वाटेवर म्हणा. मदनमहालचा ग्रॅनाइट दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. तो गाठायला ३०० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे नागपूरच्याही पुढे जावे लागेल. आणि पृथ्वीचा जन्म, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीचा, ९२० किलोमीटरांवर. रेल्वेने मुंबई गाठायला थोडेच अंतर उरावे इतक्या लांब. या प्रवासात आपल्या मंडळाचा वाटा एका नखाचा. ही मोजपट्टी मनात ठेवा. पुढे पाण्याच्या संदर्भात तिचा उपयोग होणार आहे.

आता खनिज आणि खडक यांतील भेद. घरचा चिवडा डोळ्यांपुढे आणा. त्यात पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप असतात. चिवडा म्हणजे खडक आणि त्यातील प्रत्येक जिन्नस म्हणजे खनिज. खनिजाची रासायनिक घडण ठरलेली असते, त्याच्या अणूंची मांडणी ठरलेली असते, म्हणून त्याचे गुणही ठरलेले असतात. मदनमहालच्या ग्रॅनाइटचा ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरून पाहा. काचेसारखे, राखी झाक असलेले कण दिसतात ते क्वार्ट्झचे, ज्याला आपण गार म्हणतो. गुलाबी वा पांढुरके, सपाट चमकणारे कण फेल्स्पारचे. काळे, पापुद्रे सुटणारे ठिपके अभ्रकाचे. तीन खनिजे साध्या डोळ्यांनी ओळखता आली, की निम्मे काम झाले.

खनिजे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे कठीणपणा. फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची एक श्रेणी लावून दिली. सर्वांत मऊ शंखजिरे, त्याचा क्रमांक १. मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लुओराइट, ॲपेटाइट, फेल्स्पार, गार, पुष्कराज आणि कुरुविंद. अखेरीस हिरा, क्रमांक १०. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. आपल्या नखाचा कठीणपणा सुमारे अडीच आणि चाकूच्या पात्याचा सुमारे साडेपाच असतो. म्हणजे शंखजिऱ्यावर नख उमटते, कॅल्साइटवर चाकू उमटतो, आणि गारेवर चाकू चालविला तर पात्याचीच रेघ उमटते. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही, की पैसा लागत नाही.

खडकांच्या जाती तीन: अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित. जबलपूरचे भाग्य असे की तिन्ही आपल्या दाराशी आहेत.

अग्निज खडक तप्त शिलारस थिजून होतो. तो किती सावकाश थिजला यावर त्याचे रूप ठरते. साखरेच्या पाकाचे उदाहरण घ्या. पाक दीर्घकाळ न हलविता ठेवला तर त्यातून खडीसाखरेचे मोठे स्फटिक तयार होतात. तोच फेसाळलेला पाक झटपट थिजविला तर बत्तासा होतो, ज्यात दाणा दिसत नाही पण आत हवेची छिद्रे राहतात. ग्रॅनाइट ही निसर्गाची खडीसाखर. तो भूपृष्ठाच्या कित्येक किलोमीटर खाली लक्षावधी वर्षांत निवला, म्हणून त्याचे दाणे मोठे. वरचे आवरण झिजून गेले तेव्हा तो उघडा पडला. दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट, हा बत्तासा. तो जमिनीवर वाहत आला आणि लवकर निवला, म्हणून त्याचे दाणे भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि प्रत्येक लाव्ह्याच्या थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत अशाच पोकळ्यांत स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट यांसारख्या खनिजांचे जे देखणे स्फटिक वाढले, ते आज जगभरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. नर्मदेच्या पात्रातील अकीकही मूळचा याच पोकळ्यांतला.

मदनमहालच्या टेकडीवरील तोलून धरलेली शिला, जिला लोक ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. २२ मे १९९७ च्या पहाटेच्या भूकंपात, ज्याची तीव्रता ५.८ होती, शहरातील पक्क्या इमारतींना तडे गेले. ही शिला मात्र जागची हलली नाही. ती कोणी उचलून ठेवलेली नाही. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. त्या भेगांतून शतकानुशतके पावसाचे पाणी झिरपते, फेल्स्पारची माती करते, कोपरे आधी झिजवते, आणि मधला भाग गोल होऊन उरतो. त्या शिलेखालची चिंचोळी फट ही एकेकाळी पाणी वाहून नेणारी भेग होती, हे लक्षात ठेवा. आजच्या विषयाची किल्ली त्या फटीत आहे.

रूपांतरित खडकासाठी भेडाघाटला जाऊ. कोणे एके काळी येथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुनखडीच्या जातीचा गाळ साचला. पुढे तो खोल दबला, उष्णतेने व दाबाने त्याचे कण नव्याने जुळले आणि संगमरवर तयार झाला. आपला संगमरवर साध्या चुनखडीचा नाही. त्यात मॅग्नेशियम आहे, त्याला डोलोमाइटी संगमरवर म्हणतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर टाकला तर लगेच फसफसते. भेडाघाटच्या दगडावर टाकला तर फारसे काही घडत नाही, पण त्याची पूड करून टाकला की बुडबुडे येऊ लागतात. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, गुरुजींच्या देखरेखीखाली अवश्य करून पाहा. भेडाघाटच्या दुकानांतून ज्या लहान मूर्ती विकल्या जातात त्यांतील पुष्कळशा संगमरवराच्या नसून शंखजिऱ्याच्या दगडाच्या असतात. नख लावून पाहिल्यास फरक तत्काळ कळतो. मात्र दुकानदाराची परवानगी घेऊन!

गाळाच्या खडकांत आपल्याकडे दोन मोठी प्रकरणे आहेत. पहिले गोंडवन समूहाचे. हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ साली या खडकांना गोंडांच्या देशावरून हे नाव दिले, आणि पुढे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका एकत्र असलेल्या प्राचीन महाखंडालाही तेच नाव मिळाले. राणी दुर्गावतीच्या प्रदेशाचे नाव जगातील प्रत्येक भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या तोंडी आहे, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा. येथील वालुकाश्म आणि त्यांच्याबरोबर येणारी पांढरी माती यांवर आपल्या शहराचा चिनी मातीचा धंदा उभा राहिला.

दुसरे प्रकरण लमेटा थरांचे, जे नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून ओळखले जातात. १८२८ साली बडा शिमला टेकडीवर कॅप्टन स्लीमन यांना दगड झालेली हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे स्लीमन. ‘डायनोसॉर’ हा शब्द त्या वेळी जन्मालाही आला नव्हता. तो १८४२ सालचा. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे या प्राण्याचे नामकरण केले. ही हाडे दीर्घकाळ गहाळ झालेली मानली जात होती. त्यांतील एक मणका २०१२ साली कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात पुन्हा सापडला. बडा शिमला टेकडीवर लमेटा थरांच्या डोक्यावर बेसॉल्टची टोपी आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा या शास्त्रातील पहिला नियम. तो येथे डोळ्यांनी वाचता येतो. आधी डायनोसॉर वावरले, मग लाव्हा आला.

हा लाव्हा म्हणजे आपल्या पूर्वजांची भूमी. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर तो आजही पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याने व्यापला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी हजार मीटरांहून अधिक भरते. येथे पूर्वेच्या कडेला ती विरळ होत जाते. १७८१ मध्ये मराठ्यांचा अंमल येथे आला, त्यानंतर रेल्वे आली, कारखाने आले, आणि आपले आजे-पणजे काळ्या कातळाच्या मुलखातून या अनेक दगडांच्या मुलखात येऊन वसले. विहीर खणण्याची रीत, मुरूम लागला की पाणी जवळ आले असे मानण्याची रीत, ते बरोबर घेऊन आले. दगड मात्र येथला होता आणि त्याचे नियम वेगळे होते.

आता पाण्याकडे वळू. जमिनीखाली नद्या वाहतात, तळी असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः भूजल खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत साठते. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. खडकात रिकामी जागा किती, ही सच्छिद्रता. आणि त्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, ही पारगम्यता. चिकणमातीत रिकामी जागा पुष्कळ असते, पण ती इतकी सूक्ष्म की पाणी कणांना चिकटून बसते आणि हलत नाही. म्हणून चिकणमाती ओली असूनही विहिरीला पाणी देत नाही. उलट वाळू साठवतेही आणि सोडतेही.

आता हिशेब करू. भूजलाचे सरकारी मूल्यमापन करताना प्रत्येक खडकासाठी एक प्रमाण धरतात: पाण्याने भरलेल्या खडकातून आपोआप निचरून किती पाणी मिळेल. वाळूमिश्रित गाळासाठी ते सुमारे १६ टक्के, झिजलेल्या ग्रॅनाइटसाठी दीड ते तीन टक्के, झिजलेल्या बेसॉल्टसाठी दोन टक्के आणि अभंग कातळासाठी अर्ध्या टक्क्याहूनही कमी धरतात. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि एक मीटर जाड असा तुकडा मनात आणा. त्याचे आकारमान १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. हा तुकडा नर्मदेकाठच्या वाळूचा असेल तर १६,००० लिटर पाणी देईल. झिजलेल्या बेसॉल्टचा असेल तर २,००० लिटर. आणि अभंग ग्रॅनाइटचा असेल तर जेमतेम ३०० लिटर, म्हणजे घरच्या लहानशा टाकीइतके.

आरंभी सांगितलेल्या दोन शेजाऱ्यांचे कोडे येथे सुटते. मदनमहालच्या भागात वरचा मुरमाड थर संपला की खाली ग्रॅनाइट. त्यात पाणी केवळ भेगांत. एकाची कूपनलिका भेगेला छेदून गेली. दुसऱ्याची दोन भेगांमधल्या अभंग दगडातून गेली. अधिक खोल गेल्याने पाणी लागेलच असेही नाही. खोली वाढते तशा भेगा वरच्या वजनाने आवळत जातात आणि त्यांची संख्याही घटते. संगमरवराच्या भागात पाण्याने दगड विरघळून रुंद केलेल्या फटींवर सारे अवलंबून. बेसॉल्टमध्ये थराच्या माथ्यावरची छिद्रे आणि सांधे पाणी धरतात. वालुकाश्मात मधूनमधून पाणी चांगले मिळते, पण मातीचा थर आड आला की अडते. पाटण, शहापुरा भागातील गाळाची जमीन मात्र उदार. तेथील शेतकऱ्याला भेग शोधावी लागत नाही.

पाणाड्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पाण्याच्या ‘शिरा’ असतात ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे; सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात वृक्ष, वारुळे व माती यांवरून भूजल कोठे असेल याची लक्षणे सांगितली आहेत. कठीण खडकाच्या मुलखात भेगा खरोखरीच शिरांसारख्या असतात आणि ज्या ठिकाणी वारंवार ओल असते तेथे विशिष्ट झाडे वाढतात, तेव्हा या निरीक्षणांत तथ्य आहे. नारळ हातावर उभा राहतो याला मात्र आधार नाही. आज भूजलशास्त्रज्ञ जमिनीतून विद्युतप्रवाह सोडून तिचा विरोध मोजतात. झिजलेला ओला थर आणि कोरडा अभंग कातळ यांचा विरोध वेगवेगळा असतो, त्यावरून अंदाज बांधतात.

मित्रहो, येथवर आपण पाणी राहते कोठे याचा विचार केला. ते येते कोठून? याचे उत्तर एकच: पावसातून. आपल्याकडे वर्षाला सरासरी तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या शहरात उन्हाळ्यात टँकर फिरावेत, हे पाहिले की मन अस्वस्थ होते. परंतु आताच आपण हिशेब केला: ग्रॅनाइटचे पोट लहान आहे. ते लवकर भरते आणि लवकर रिकामे होते. अशा दगडावर पाऊस पडून वाहून गेला तर उपयोग नाही. तो काही महिने जागीच अडवून सावकाश भेगांत उतरू द्यावयास हवा.

गढ्याच्या गोंड राजांनी नेमके हेच केले. त्यांना भूशास्त्राची परिभाषा ठाऊक नव्हती, पण दगडाचा स्वभाव ठाऊक होता. ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या मधल्या खोलगटांत त्यांनी बांध घातले आणि एकामागून एक तलाव उभे केले. ‘बावन ताल’ ही आपल्या शहराची ओळख त्यातून निर्माण झाली. संग्रामशाहाचा संग्रामसागर, राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, मंत्री आधारसिंहाचा आधारताल अशी परंपरा सांगतात. तलावाचे पाणी दिसते, म्हणून आपण ते मोजतो. तलावाच्या तळातून भेगांत उतरून भोवतालच्या विहिरी जिवंत ठेवणारे पाणी दिसत नाही, म्हणून ते आपण मोजले नाही. आज चेरीताल हे वस्तीचे नाव आहे, आणि राणीताल म्हटले की लोकांना क्रीडासंकुल आठवते. जुन्या वाड्यांतील विहिरी आटल्या तेव्हा आपण म्हणालो की पाऊस कमी झाला. पाऊस उतरण्याची दारे आपण बुजविली, याकडे लक्ष गेले नाही.

शेतकऱ्यांचीही अशीच एक रीत होती. जबलपूर-नरसिंहपूरकडील काळ्या, चिकण जमिनीत शेताला चहूबाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवीत आणि ऑक्टोबरच्या सुमारास ते सोडून देऊन रब्बीचा गहू पेरीत. हिला ‘हवेली’ पद्धत म्हणतात. तण मरे, ओल टिके आणि चार महिने उभे असलेले पाणी हळूहळू खाली जाई. खरिपाला सोयाबीन आले तेव्हा शेतात पाणी उभे करणे शक्य राहिले नाही आणि ही रीत मागे पडत गेली. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, हे खरे. त्याला दोष देण्याचा प्रश्न नाही. पण जमिनीखालच्या हिशेबात एक जमेची बाजू कमी झाली, एवढे नोंदविले पाहिजे.

केवळ प्रमाणाचाच प्रश्न असता तरी एक वेळ चालले असते. गुणाचाही प्रश्न आहे. पाणी ज्या खडकात राहते त्याची खनिजे थोडी थोडी आपल्यात विरघळवून घेते. मोसच्या श्रेणीत चौथ्या व पाचव्या क्रमांकावर फ्लुओराइट आणि ॲपेटाइट आपण पाहिले. अशा खनिजांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. पाणी खडकाच्या सहवासात जितके अधिक काळ, तितकी ही भर अधिक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड. शेजारच्या मांडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात १९९० च्या दशकात मुलांचे पाय गुडघ्यांतून वाकू लागले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा त्याचे मूळ हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइडमध्ये सापडले. उपाय म्हणून पाण्याचा स्रोत बदलणे आणि आहारात चुन्याचा अंश वाढविणे यांवर भर देण्यात आला. त्यात आपल्या रानात पावसाळ्यात उगवणारी टाकळ्याची भाजीही होती. हातपंप गावाला स्वच्छ पाणी मिळावे म्हणूनच बसविले होते. हेतू चांगला असूनही खालच्या खनिजाची चौकशी राहून गेली, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्याची एकदा तरी रासायनिक तपासणी करून घ्यावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

देशाचा आकडाही सांगून ठेवतो. २०२३ च्या मूल्यमापनानुसार भारतात वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. जगात इतका उपसा दुसरा कोणताही देश करीत नाही. त्यातील सुमारे ८७ टक्के शेतीला लागते. म्हणजे आपल्या ताटातील भाकरीचा मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या पाण्यावर पिकलेला आहे. मंडळाच्या वयाची आपली मोजपट्टी पुन्हा आठवा. ज्या भेगा पडायला आणि रुंदावायला कित्येक किलोमीटरांचा काळ लागला, त्यांतील पाणी एका सेंटिमीटरात खाली ओढणे आपल्याला साधले आहे. ते पुन्हा भरणेही त्याच मापात, आपल्या हयातीत शक्य आहे, कारण पाऊस दरवर्षी येतो; दगड पुन्हा घडवावयाचा नाही, त्याच्या भेगांपर्यंतची वाट तेवढी मोकळी करावयाची आहे.

यासाठी विद्यार्थ्यांकडे आम्ही दोन गोष्टी मागतो. पहिली, आपल्या घराखाली कोणता खडक आहे ते शोधून काढा. जवळ पाया खणला जात असेल, विहीर असेल, रस्त्याचा छेद असेल, तेथे जा. एक तुकडा घ्या, नख लावा, चाकू लावा, दाणे पाहा, आणि जागा व तारीख लिहून ठेवा.

दुसरी, एक विहीर आपली माना. आपल्या वाड्यातील, आजोळची, देवळातील, कोणतीही. दोरीला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा, पण वडील माणसाला बरोबर घेतल्याशिवाय विहिरीवर जाऊ नका. मेच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा, एवढे पुरे. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपण दोनदा मोजू. दोन मोजमापांतील फरक म्हणजे त्या वर्षी पावसाने तुमच्या दगडाला दिलेली ठेव. ज्यांच्या घराला गच्ची आहे त्यांनी आणखी एक हिशेब करावा: शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. ते गटारात जाते की गाळून शोषखड्ड्यात, हे घरच्यांना विचारा. विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे, कारण पुढची पन्नास वर्षे ते पाणी तुम्हांला प्यावयाचे आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती आहे. आपल्या कपाटात पन्नास वर्षांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या व्यवस्थित जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारी एक वही विहिरींची असावी. मुलांनी मोजलेले आकडे दरवर्षी तिच्यात उतरवावेत. पाच वर्षांत तिचे फारसे मोल वाटणार नाही; पंचवीस वर्षांत नगरपालिकेचे अभियंते ती पाहावयास येतील, असा आमचा विश्वास आहे. ज्या संस्थेने परमुलखात आपली भाषा अर्धशतक टिकविली, तिला वर्षातून दोनदा विहिरींचे आकडे लिहून ठेवणे जड जाऊ नये.

 बाहेर टेबलावर ग्रॅनाइट, संगमरवर, शंखजिरे, वालुकाश्म, लमेटाची चुनखडी आणि बेसॉल्ट असे सहा तुकडे ठेवले आहेत. त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या मुद्दाम लावलेल्या नाहीत. जाताना मुलांनी ते हातात घेऊन ओळखावेत.